शोरूमचे दोन किलोमीटर आणि घाटातला तिसरा तास

माझा मावसभाऊ कोल्हापूरला असतो. उंची पाच फूट पाच इंच. वजन तो कुणाला सांगत नाही. अकरा वर्षं दीडशे सीसीची गाडी वापरली आणि यंदा त्याच्या डोक्यात लांबच्या प्रवासाचं खूळ शिरलं. यादीत तीन गाड्या होत्या: रॉयल एन्फील्डची मीटिऑर ३५०, त्यांचीच हिमालयन ४५० आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स. एका शनिवारी तिन्हींची टेस्ट राइड उरकून त्यानं मला फोन केला.

"तिन्ही भारी आहेत रे. आता काय करू?"

"दादा, चालवलीस किती?"

"शोरूमपासनं सिग्नलपर्यंत. तिथनं यू टर्न. मागं त्यांचा पोरगा बसलेला."

दोन किलोमीटरमध्ये कळतं ते एवढंच: आवाज कसा आहे, पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी किती चटकन उठते, मीटर कसा दिसतो. फरक असतो तो दोन टोकांना. एक टोक म्हणजे ताशी पाच-दहा किलोमीटर, जिथं गाडी जवळजवळ थांबलेली असते. दुसरं टोक म्हणजे प्रवासाचा तिसरा तास, जिथं तुम्ही जवळजवळ संपलेले असता. शोरूमची फेरी बरोबर या दोन्हींच्या मधे पडते.

आधी टूरिंग आणि ॲडव्हेंचर या शब्दांचा घोळ मिटवू. टूरिंग गाडी म्हणजे डांबरी रस्त्यावर, बसून, तासन्‌तास जाता यावं म्हणून बांधलेली गाडी. तिचं मोठ्यात मोठं रूप म्हणजे होंडाची १८३३ सीसीची गोल्ड विंग, रस्त्यावरचा सोफाच. आपल्या खिशाला परवडणाऱ्या गाड्यांमध्ये मीटिऑर याच जातकुळीतली, फक्त अंगानं क्रूझर: सीट खाली, पाय पुढं. ॲडव्हेंचर गाडीची सुरुवात सहसा बीएमडब्ल्यूच्या १९८० सालच्या आर ८० जी/एसपासून धरतात. जर्मन भाषेत 'गेलेंडे' म्हणजे उघडं रान आणि 'स्ट्रासे' म्हणजे रस्ता. नावातली ती मधली तिरकी रेघ म्हणजेच सगळा खेळ: रानात आणि रस्त्यावर, दोन्हीकडे बरी चालेल अशी गाडी. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, युबेर ऑरिओलनं तिच्यावर वाळवंटातून जाणारी पॅरिस-डकार शर्यत जिंकली. तिची ताकद होती ५० अश्वशक्ती. आजच्या आर १३०० जीएसची १४५ आहे आणि वजन २३७ किलो, त्यामुळे रान मागे पडलं आणि रस्ता वाढला असंही म्हणता येईल. आपल्याकडे परवडणाऱ्या किमतीत हा प्रकार रुजवला तो २०१६ सालच्या पहिल्या हिमालयननं.

आणि खरं सांगायचं तर ॲडव्हेंचर गाडीची गरज पटायला आपल्याला हिमालयात जावं लागत नाही. पावसाळ्यानंतरचा कुठलाही राज्यमार्ग पुरतो.

आता ब्रोशरमधले आकडे. सगळे जण आधी बघतात ती सीटची उंची. मीटिऑर ७६५ मिलिमीटर, हिमालयन ८२५ (तिची सीट ८४५ पर्यंत वर करता येते), व्ही-स्ट्रॉम ८३५. पाच फूट पाच इंचांच्या माणसानं हे वाचलं की तो व्ही-स्ट्रॉमवर काट मारतो. दादानंही मारली होती. चूक तिथंच होते, कारण हा आकडा गाडी रिकामी उभी असतानाचा असतो. तुम्ही बसलात की शॉक ॲब्सॉर्बर दबतो आणि सीट खाली येते. शिवाय पाय सरळ खाली जात नाहीत, आधी सीटच्या कडेवरून बाहेर जातात आणि मग खाली. पुढून निमुळती सीट दोन सेंटिमीटर उंच असली तरी रुंद सीटपेक्षा बुटकी वाटू शकते. म्हणून मोजायचं ते स्वतःच्या पायाचं माप. भिंतीला पाठ टेकवून, बूट घालून उभे राहा, दोन मांड्यांच्या मधे एक जाडसर पुस्तक घट्ट वर सरकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. दोन माणसांची उंची तीच असली तरी हे माप वेगळं निघतं.

दुसरी गोष्ट, टाच टेकलीच पाहिजे असं नाही. एका पायाचा चवडा नीट टेकतो का, हे बघायचं. दोन्ही पायांच्या नुसत्या बोटांवर नाचण्यापेक्षा ढुंगण थोडं सरकवून एक पाय घट्ट रोवणं केव्हाही बरं. पण त्या एका पायावर किती भार येणार ते ठरतं वजनावरून, आणि इथं गणित उलटं होतं. व्ही-स्ट्रॉम १६७ किलोची, हिमालयन १९६ किलोची. फरक २९ किलोंचा. म्हणजे घरातला गॅसचा भरलेला सिलिंडर.

गाडी सरळ उभी असते तेव्हा हे वजन टायर पेलतात, तुमच्या वाट्याला काहीच येत नाही. गाडी कलली की हिशोब सुरू होतो. ढोबळ गणित असं: १९६ किलोची गाडी, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटरवर, आणि तुम्ही हँडलला धरलंय एक मीटर उंचीवर. गाडी १० अंश कलली तर हाताला सुमारे २० किलो लागतात. २० अंश कलली तर ४०. त्यापुढं माणूस गाडी धरत नाही, फक्त तिला हळू झोपवतो. गाडी पडायची ती चालताना कमी आणि थांबताना जास्त, त्याचं कारण हे.

दादाला हे मी फोनवर समजावलं, पटलं नाही. मग मीच एका रविवारी कोल्हापूरला गेलो. मीटिऑर आणि व्ही-स्ट्रॉम ओळखीतल्यांच्या मिळाल्या, हिमालयन दिवसाच्या भाड्यानं घेतली. (शोरूम इतक्या लांब गाडी सहसा देत नाही. दिलीच, तर डेमो गाडीचा विमा चालू आहे का आणि पडझडीचा खर्च कुणाचा, हे सही करण्याआधी विचारा.) रस्ता ठरवला तो असा: महामार्गानं किणी टोलनाक्यापर्यंत जाऊन परत, मग ज्योतिबाचा चढ, पन्हाळा, आणि उतरताना एक पाणंद, उसाच्या ट्रॉल्यांनी दोन चाकोऱ्या पाडलेली.

त्या पाणंदीत दादा हिमालयनवर होता. समोरून ट्रॅक्टर आला, म्हणून तो कडेला थांबला आणि डावा पाय टाकला. गवताखाली जमीन असेल असं त्याला वाटलं. तिथं होता वीतभर खोल चर. पाय खाली गेला आणि गाडी म्हैस बसावी तशी सावकाश, काही घाई नसल्यासारखी, डाव्या कुशीवर बसली. क्लचच्या लिव्हरचं टोक वाकलं. त्याचे पैसे भाड्याच्या अनामतीतून गेले. दोघांनी मिळून ती उभी केली तेव्हा दादाला सिलिंडरचं गणित पटलं. यात दोष गाडीचा नाही. पण हे शोरूमसमोरच्या सपाट डांबरावर कधी कळलं नसतं. निदान एवढं तरी करा: थोड्या उतारावर, खडी किंवा मुरमात गाडी थांबवा, उतरा, हातानं ढकलत मागे घ्या आणि पूर्ण वळवा. जमलं नाही, तर रोज सकाळी पार्किंगमध्ये तेच होणार आहे.

पुढच्या चाकाचा आकार हा दुसरा आकडा, आणि याच्याबद्दल बोललं जातं त्यापेक्षा त्याचा परिणाम मोठा. एसटी स्टँडवर ट्रॉली बॅग ओढताना तिचं चाक प्रत्येक फटीत अडकतं आणि शेजारून सायकल आरामात निघून जाते. का? मोठ्या चाकाला दगडाची किंवा खड्ड्याची कड कमी चढाची वाटते, आणि ते खड्ड्यात कमी खोल उतरतं. हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची, टायर ९० मिलिमीटर रुंदीचा. उखडलेल्या रस्त्यावर ती दगडांवरून नुसती चालत जाते. पण मोठं फिरतं चाक आपली दिशा सहज सोडत नाही. घाटात डावं-उजवं, डावं-उजवं करताना तिला वळवायला खांद्यातून थोडं सांगावं लागतं. १७ इंची चाकाची गाडी घाटात नुसती मान फिरवली तरी वळते, आणि खड्ड्यात तुमची मान फिरवते. १९ इंची चाक मधलं.

आता गंमत बघा. मीटिऑर आणि व्ही-स्ट्रॉम या दोन्हींच्या टायरचं माप एकच आहे: पुढं १००/९०-१९, मागं १४०/७०-१७. एक क्रूझर, एक ॲडव्हेंचर टूरर, आणि पाय सारखे! मग फरक कशात आहे? पोटाखालच्या मोकळ्या जागेत (१७० विरुद्ध २०५ मिलिमीटर) आणि सगळ्यात जास्त म्हणजे बसण्याच्या पद्धतीत.

सीट, हँडल आणि पाय ठेवायची जागा या तीन बिंदूंचा त्रिकोण तुमचा तिसरा तास ठरवतो. मीटिऑरवर पाय पुढं असतात. गुळगुळीत रस्त्यावर हे स्वर्गसुख. गुडघे मोकळे, हात सैल. पण अनपेक्षित गतिरोधक आला की तुमचं सगळं वजन माकडहाडावर असतं. पाय शरीराच्या खाली नसल्यामुळे त्यांच्यावर उभं राहता येत नाही. ॲडव्हेंचर गाडीवर फूटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्या, जवळजवळ शरीराच्या खालीच असतात, म्हणून खड्डा दिसला की उठायचं. मग धक्का आधी गाडीचा शॉक खातो, उरलेला तुमचे गुडघे, आणि कंबरेला फक्त बातमी पोचते. तर टेस्ट राइडमध्ये एकदा उभे राहून चालवा. उभं असताना हँडलसाठी वाकावं लागत असेल, तर ती उंची तुमच्यासाठी नाही, किंवा हँडल वर घ्यायचा खर्च धरा. टाकी दोन गुडघ्यांत पकडता येते का, तेही तेव्हाच कळतं.

बसून मात्र किमान चाळीस मिनिटं, मधे न उतरता. पहिल्या दहा मिनिटांत मऊ लागणारी सीट बऱ्याचदा चाळिसाव्या मिनिटाला टोचते, कारण फोम पूर्ण दबलेला असतो आणि खाली कडक तळ उरतो. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात का, आरशातला ट्रक ओळखू येतो की नुसता डाग दिसतो, हेही याच वेळी बघायचं. तिन्ही गाड्यांचं इंजिन एका सिलिंडरचं आहे. थोडी थरथर असणारच. ती कुठल्या वेगाला आणि अंगाच्या कुठल्या भागात येते, एवढाच प्रश्न.

वेगावरून आठवलं. चौपदरी महामार्गावर दुचाकीला कायद्यानं ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. तेव्हा १४० ला गाडी किती स्थिर राहते यावर तासभर वाद घालणाऱ्यांना चहा पाजा आणि निघा. तुमची गाडी आयुष्यभर ६० ते ९० मध्ये चालणार आहे. तिची परीक्षा तिथंच घ्या. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर रेटा दीडपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट. समोरची काच हा रेटा छातीवरून उचलते, पण काचेच्या कडेवरून सुटलेला वारा भोवरे करत नेमका हेल्मेटवर आदळू शकतो. ओळखायचं कसं? ८० ला जाताना क्षणभर फूटपेगवर उभे राहा. डोकं काचेच्या वरच्या मोकळ्या वाऱ्यात गेल्यावर आवाज कमी झाला, तर गडबड काचेच्या उंचीत आहे. हेल्मेट स्वतःचंच न्या, नाहीतर या परीक्षेला अर्थ नाही.

आता पिकअप, म्हणजे टॉर्क आणि पॉवरचं भांडण. घट्ट बसलेला नट सोडवायला लांब दांड्याचा पाना घेतो, तेव्हा नटावर जो पीळ पडतो तो टॉर्क. असा पीळ मिनिटाला किती वेळा मारता येतो, ते धरून होते ती पॉवर. मीटिऑर २७ न्यूटन मीटर टॉर्क देते, तोही इंजिनच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांनाच. व्ही-स्ट्रॉमचे २२.२ येतात ७३०० फेऱ्यांना. पॉवर बघितली तर उलटं: मीटिऑरची २०.२ बीएचपी, व्ही-स्ट्रॉमची २६.५ पीएस. (बीएचपी आणि पीएस ही अश्वशक्तीची मापं जवळजवळ सारखीच.) म्हणजे मीटिऑर सावकाश, पण खालूनच ओढते, व्ही-स्ट्रॉमला गिअर पाडून इंजिन बोलतं केलं की ती जास्त पळते. हिमालयनचे आकडे दोन्हींपेक्षा मोठे, ४० न्यूटन मीटर आणि ४० पीएस, पण तो टॉर्क पूर्ण मिळतो ५५०० फेऱ्यांना.

कागदावर हे कोडं वाटतं. ज्योतिबाच्या चढावर ते दोन मिनिटांत सुटतं. मागं माणूस बसवा, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसच्या आसपास या आणि क्लचला हात न लावता हळूहळू ॲक्सिलरेटर द्या. मीटिऑर धुगधुग करत निघाली. व्ही-स्ट्रॉमनं स्पष्ट सांगितलं की दुसरा टाक. हिमालयननंही सुरुवातीला कुरकुर केली, पण एकदा सुटल्यावर डबलसीट आहे हे ती विसरूनच गेली. यातली कुठली चांगली? ज्याला सतत गिअर बदलायचा कंटाळा आहे त्याला पहिली, ज्याला त्यातच मजा येते त्याला दुसरी. माझं मत विचाराल तर घाटात वारंवार जाणाऱ्यानं पॉवरचा आकडा बघूच नये. टॉर्क किती फेऱ्यांना येतो तेवढं बघावं.

सस्पेन्शनबद्दल एकच सांगतो, पण ते महत्त्वाचं. डेमो गाडीचा मागचा शॉक दुसऱ्या कुणाच्या तरी वजनाला लावलेला असतो. तुम्ही त्यावरून "कडक आहे" किंवा "हेलकावे देते" असा निकाल देता, तो निकाल त्या दुसऱ्या माणसाच्या पोटाचा असतो. शिंप्याचा टेप न्या. मित्राला गाडी सरळ धरून किंचित उचलायला सांगा आणि मागच्या चाकाच्या आसापासून वर शेपटीवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग तुम्ही बसल्यावर तेच अंतर मोजा. चाकाला वरखाली व्हायला जेवढी वाव आहे, तिच्या पाव ते एक तृतीयांश इतका फरक पडायला हवा. हिमालयनला २०० मिलिमीटरची वाव आहे, म्हणजे ५० ते ६५. यापेक्षा बराच जास्त दबला तर प्रीलोड, म्हणजे शॉकच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवायला सांगा, आणि मगच फेरी मारा. टायरमधली हवाही बघून घ्या. एकदा एका शोरूमच्या डेमो गाडीच्या पुढच्या टायरमध्ये अर्धीच हवा होती आणि मी घरी येऊन ती गाडी वळायला जड आहे असं चार लोकांना सांगत बसलो होतो.

ब्रेकचं थोडक्यात. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं आहे, तेव्हा ते आहे का हा प्रश्न नाही. मागच्या चाकाचं बंद करता येतं का, हा आहे. सुट्या मुरमाच्या उतारावर एबीएस चाक लॉक होऊ देत नाही आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. तिथं मागचं चाक घसरत नेलेलं परवडतं. हिमालयनमध्ये ती सोय आहे. मीटरवरचा नकाशा, ब्लूटूथ वगैरे शोरूममध्ये उभं राहूनही बघता येतं, त्यासाठी पेट्रोल जाळू नका.

पेट्रोलचं मात्र गणित घालाच. मनालीहून लेहला जाताना तांदीच्या पंपावरची पाटी गाडीवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. हिमालयनची टाकी १७ लिटरची. डोंगरात लिटरला २५ चं ॲव्हरेज धरलं तरी ४२५ किलोमीटर. मीटिऑरचे १५ लिटर, ३० नं ४५०. व्ही-स्ट्रॉमचे १२ लिटर, ३० नं ३६०. पाच किलोमीटर कमी! महाराष्ट्रात फिरणाऱ्याला याचं काही देणंघेणं नाही. पुणे-कोल्हापूरमध्ये पंप मोजायला बसलात तर कंटाळाल.

किमतीतही एक खोच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांना ४० टक्के. यादीतल्या दोन गाड्या रेषेच्या अलीकडे, हिमालयन पलीकडे. तेव्हा ऑन-रोड आकडा लेखी घ्या, जुन्या व्हिडिओतली किंमत धरू नका.

तुलना करताना माणूस फसतो तो क्रमामुळे. जड गाडीवरून उतरून हलकीवर बसलं की ती खेळणं वाटते. तीच आधी चालवली असती तर गाडी वाटली असती. म्हणून त्या रविवारी पहिली फेरी आम्ही दादाच्या जुन्या दीडशेवरच मारली, तोच रस्ता, तेच खड्डे. ती झाली मोजपट्टी. मग तिन्ही गाड्या, प्रत्येकीवरून उतरल्या उतरल्या चार ओळी वहीत, आणि शेवटी तिन्हींत पहिली चालवलेली व्ही-स्ट्रॉम पुन्हा एकदा. सकाळी तिच्याबद्दल दादानं लिहिलं होतं, "उंच. भीती वाटते." संध्याकाळी लिहिलं, "हलकी. हातात राहते." गाडी तीच होती.

अशी सोय नसेल तर गोव्याला गेलात की एक दिवस काढा. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची गाडी तिथं सहज मिळते, त्यात ॲडव्हेंचर गाड्याही असतात. पणजीहून साखळी, केरी आणि चोर्ला घाटाच्या माथ्यापर्यंत जाऊन आलात की सपाट रस्ता, वळणं आणि चढ, तिन्ही होतं.

एक परीक्षा दादा विसरला होता, ती वहिनींनी घेतली. तिन्ही गाड्यांवर मागे बसून ज्योतिबा केला. मीटिऑरला त्यांनी पैकीच्या पैकी दिले. हिमालयनवर बसताना म्हणाल्या, "हिला आधी एक पायरी लावा." व्ही-स्ट्रॉमवर बसायलाही पाय तेवढाच उचलावा लागला, पण धरायला मागे भक्कम कडी मिळाली म्हणून पास केली.

बुकिंग व्ही-स्ट्रॉमचं झालं. लडाखचा विषय निघाला की दादा हल्ली पाच लिटरच्या कॅनची किंमत विचारतो.